मृत भाषा शिकतं कोण, आणि कशासाठी?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून पाथर्डी फाट्याच्या बाजूला नजर टाकली की शेडच्या पत्र्यांवरून त्रिरश्मीचा डोंगर दिसतो. डोंगराच्या कमरेला २४ लेणी आहेत आणि लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा या लेण्यांशी काडीचा संबंध नाही. ती कोणी खोदवली, कोणासाठी, खर्चाची तजवीज कशी केली, हे लेण्यांच्या भिंतींवरच कोरून ठेवलेलं आहे. ते वाचणारं कोणी उरलं नाही, तेव्हा पांडव आले. महाराष्ट्रात जिथे जुना लेख डोळ्यांना मुका झाला, तिथे बहुतेक ठिकाणी लोकांनी पांडवांना कामाला लावलं आहे.

भिंतीवरची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने अशोककालीन ब्राह्मी उलगडली आणि मग नाशिकच्या भिंतीही बोलत्या झाल्या. रा. गो. भांडारकरांचा या लेखांवरचा निबंध १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी गेला, भगवानलाल इंद्रजींनी त्यांच्यावर मेहनत घेतली आणि एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने १९०५-०६ च्या 'एपिग्राफिया इंडिका'त ते सगळे एकत्र छापले. वाचन झालं, भाषांतर झालं. तरीही आज कोणी प्राकृताचं व्याकरण उघडून बसतं, कोणी पालीच्या वर्गाला जातं, कोणी निवृत्तीनंतर संस्कृतच्या परीक्षा देतं. सगळं भाषांतरात आयतं मिळत असताना ही माणसं एवढा खटाटोप का करतात?

आधी 'मृत' या शब्दाचं पाहू. भाषाशास्त्रात त्याचा साधा अर्थ असा की ही भाषा कोणतंही मूल आता आईच्या मांडीवर शिकत नाही. हा निकष लावला की लगेच हरकती येतात. २०११ च्या जनगणनेत २४,८२१ भारतीयांनी आपली मातृभाषा संस्कृत असल्याचं नोंदवलं. त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळेतली मुलं रोज पहाटे संहिता घोकतात. बुद्धविहारात त्रिशरण-पंचशील पालीत म्हटलं जातं आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर वाढलेल्या तीन पिढ्यांना ते तोंडपाठ आहे. देवळालीच्या अग्यारीत अवेस्तातल्या प्रार्थना चालू आहेत. यांतली कोणतीही भाषा भाजी घेताना वापरत नाहीत, पण तिला मेलेली म्हणायला जीभ रेटत नाही. महाराष्ट्री प्राकृताची गत आणखी निराळी. ती मेली नाही, बदलत बदलत मराठी झाली. तेव्हा 'मृत' हा शब्द सोयीचा म्हणून इथे चालवून घेऊ.

ही ओढ कशाची, असं विचारलं की ठरावीक उत्तरं मिळतात. सगळ्यात मोठ्या गटाचं उत्तर सरळ आहे: मार्क. दहावीला 'संपूर्ण संस्कृत' घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना शंभरातले शंभर दिसत असतात. रामः रामौ रामाः पाठ, सुभाषितं पाठ, माध्यमभाषेतली उत्तरंही पाठ, आणि निकाल लागला की पुस्तक रद्दीत. अर्धमागधी आणि पालीलाही काही शाळा-कॉलेजांत याच कारणासाठी मुलं मिळत आली. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, गुणपत्रिकेच्या बाजारात तीही गिऱ्हाइकंच आहेत. पण याला भाषेची ओढ म्हणता येत नाही.

दुसरं उत्तर व्हॉट्सॲपवरचं: संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे, 'नासा'ने तसं सांगितलं आहे. यामागे आहे रिक ब्रिग्ज यांचा 'एआय मॅगझीन'मधला १९८५ चा एक लेख. जुन्या वैयाकरणांची वाक्याचा अर्थ उलगडण्याची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांतलं साम्य त्यांनी दाखवलं होतं. लेख वाचनीय आहे. त्यातून 'नासा'चा दाखला काढणं म्हणजे ज्यांनी तो वाचला नाही त्यांची करामत. पाणिनीला असल्या शिफारसपत्राची गरज नाही.

तिसरं उत्तर संस्कृतीचं, अस्मितेचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या, हे आपल्याकडच्या पेढेवाटपात थोडं मागे पडलं. रंगनाथ पठारे समितीच्या अहवालात मराठीचं प्राचीनत्व सिद्ध करायला महाराष्ट्री प्राकृताचा आधार घेतलेला आहे, म्हणजे मराठीचा दावा ज्या खांबावर उभा आहे तो खांब प्राकृताचा. पण दर्जा मिळाल्याचा आनंद करणाऱ्यांतल्या कितीजणांनी हालाची 'गाथासप्तशती' मुळातून, निदान स. आ. जोगळेकरांच्या मराठी आवृत्तीच्या मदतीने, चाळली असेल? अस्मितेला भाषेचं नाव पुरतं, व्याकरण लागत नाही.

माझ्या मते खरी ओढ वेगळ्या ठिकाणी आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहावं, मधला माणूस नको, ही ती ओढ. आणि ज्याला त्या भाषेपासून दूर ठेवलं गेलं किंवा जो आपसूक दूर राहिला, त्याच्यात ती सगळ्यात तीव्र असते.

धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळला जन्म, शालेय शिक्षण यथातथा. 'बालबोध' मासिकातलं बुद्धाचं चरित्र वाचनात आलं आणि या माणसाला बुद्ध काय म्हणाला ते मुळातून कळून घेण्याचा ध्यास लागला. १८९९ मध्ये घर सोडलं, बायको आणि तान्ही मुलगी मागे राहिली. पुण्यात, ग्वाल्हेरला काही दिवस काढून काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म नेपाळात सापडेल म्हणून तिकडे पायपीट केली, हाती काही लागलं नाही. शेवटी १९०२ मध्ये कोलंबोला पोचून सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकायला बसले. पुढे ब्रह्मदेश झाला. परत आल्यावर कलकत्त्याला पाली शिकवण्याची चांगली नोकरी मिळाली, तीही सोडली. सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले होते आणि अट एवढीच होती की महाराष्ट्रात राहायचं. मग हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचं काम झालं आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत फर्ग्युसनमध्ये पालीचं अध्यापन. पु. वि. बापट तिथलेच त्यांचे विद्यार्थी. 'निवेदन' या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी कोरड्या, जवळजवळ हिशेबी भाषेत लिहिलं आहे. बायको-मुलीच्या वाट्याला काय आलं असेल, हे वाचताना मनात येतंच, आणि ज्ञानपिपासेच्या कौतुकात ते विसरूही नये. पण एका गोष्टीबद्दल शंका उरत नाही. या माणसाला मार्क नको होते, संस्कृतीचा झेंडाही नको होता. त्याला बुद्ध मधल्या माणसाशिवाय हवा होता.

डॉ. आंबेडकरांची गोष्ट याच ओढीची, पण दारातूनच परतवलेल्याची. शाळेत त्यांना संस्कृत घेता आलं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि ज्या ग्रंथांचा दाखला देऊन आपल्याला बाहेर ठेवलं गेलं, तेच ग्रंथ उघडून वचनावचनाशी भांडले. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात पालीकडे वळले. त्यांनी तयार केलेलं पाली व्याकरण आणि शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६ व्या खंडात छापले. राज्यघटना आणि हिंदू कोड बिल मागे असलेल्या माणसाने शब्दकोशाची हमाली का पत्करावी? कारण शब्दाचा अर्थ कोण ठरवणार हा त्यांच्या लेखी सत्तेचा प्रश्न होता. आज नागपूर, मुंबई, पुण्याच्या विद्यापीठांत पाली शिकवली जाते त्यामागे हा वारसा आहे. आपल्या जिल्ह्यातही इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९८५ मध्ये विपश्यना संशोधन संस्था सुरू झाली. तिने त्रिपिटक देवनागरीत छापलं आणि संगणकावर आणलं. पाली शिकणाऱ्याला आता रोमन किंवा सिंहली लिपीचं कुंपण ओलांडावं लागत नाही.

आता त्रिरश्मीच्या भिंतीकडे येऊ, कारण मुळातून वाचलं की काय हाती लागतं ते तिथे नीट दाखवता येतं.

दहावं लेणं नहपान क्षत्रपाच्या जावयाचं, उषवदाताचं. काळ इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. इथल्या एका लेखात त्याने आपल्या दानधर्माची जंत्री दिली आहे: तीन लाख गाई, तीर्थांवर घाट, ब्राह्मणांची लग्नं. हा भाग संस्कृतात, किंवा संस्कृताच्या जवळ जाईल अशा भाषेत आहे, आणि मध्येच स्वारीची हकिकत सांगताना भाषा प्राकृतावर येते. दुसरा लेख ४२ व्या वर्षाचा, तो निव्वळ व्यवहाराचा. उषवदाताने या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. गोवर्धन तेव्हा या भागाचं ठाणं होतं, आजही गंगापूर रस्त्याला त्याच नावाचं गाव आहे. एका श्रेणीकडे २,०००, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १,०००, व्याज दरमहा शेकडा 'पायून', म्हणजे पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या ठेवीतून प्रत्येक भिक्षूला वस्त्रासाठी वर्षाला १२ कार्षापणं.

कागद घेऊन करून पाहा. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, म्हणजे २४०. पैशाला पैसा जुळतो. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० होतात, ते 'कुशण' नावाच्या खर्चासाठी. कुशण म्हणजे नेमकं काय यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. हा सगळा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तराच्या फलकावर रीतीप्रमाणे नोंदवल्याचंही लेखात सांगितलं आहे. ज्या माणसाने पतसंस्थेत मुदत ठेव ठेवली आहे, त्याला हा लेख समजायला पंडित लागत नाही. आणि मराठी माणसाला 'पायून' वाचून जे वाटतं, ते इंग्रजी भाषांतरातल्या 'तीन-चतुर्थांश टक्का' वाचून वाटणार नाही.

तिसऱ्या लेण्यात याहून रंजक प्रकरण आहे. नहपानाचा पाडाव केल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने १८ व्या राज्यवर्षी गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला हुकूम पाठवला की उषवदाताकडे असलेलं अपरकखडी गावातलं शेत, 'निवतनसतानि बे २००', त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावं. बे म्हणजे दोन. आपण पाढ्यात 'बे एके बे' म्हणतो ते हेच बे. शेताला सवलती दिल्या: राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. आधी दिलेलं शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरची सरकारी जमीन द्यावी, १०० निवर्तनं. पहिल्या हुकमाच्या वेळी जमीन कोणी पाहिली होती की नाही, देव जाणे. दोन्ही हुकूम एकाच भिंतीवर, एकाखाली एक.

दुसऱ्या हुकमात राजाबरोबर राजमातेचं नाव आहे आणि तिला 'जीवसुता', म्हणजे जिचा मुलगा हयात आहे ती, असं म्हटलं आहे. याच लेण्यात गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षाचा, त्याच राजमातेचा, म्हणजे गौतमी बलश्रीचा, प्रसिद्ध लेख आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, शक-यवन-पल्हवांचा ज्याने संहार केला, त्या मुलाची ती त्यात स्तुती करते आणि स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. शाळेच्या इतिहासात एवढी स्तुतीच येते. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हा मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भांडारकरांना बाप-लेकाचं संयुक्त राज्य असावंसं वाटत होतं. कोणाचं खरं, हे ठरवायला दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचावे लागतात, आणि भाषांतर करणाऱ्याने आधीच एक बाजू घेतलेली असते.

अशा वाचकाला पंडिताघरी जन्म घ्यावा लागत नाही, उलट बाहेरच्या धंद्यातून आलेल्यांनी या विद्येत मोठाली कामं केली आहेत. लंडनला नोटा छापणाऱ्या एका कंपनीत जॉर्ज स्मिथ नावाचा खोदकाम करणारा कारागीर होता. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन खिळेलिपीच्या विटा पाहत बसे. अक्षरांच्या बारीक खाचा ओळखण्याची सवय हाताला होतीच. म्युझियमने त्याला कामावर घेतलं आणि १८७२ मध्ये त्याने बायबलच्या प्रलयकथेशी जुळणारी बाबिलोनी कथा वाचून दाखवली. ग्रीकांची लिनिअर बी ही लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने फोडली, तो व्यवसायाने वास्तुविशारद होता. आपल्याकडे धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती. भर्तृहरीची सुभाषितं हस्तलिखितांतून निवडताना त्यांनी संस्कृत पक्कं केलं आणि १९४८ मध्ये शतकत्रयाची चिकित्सक आवृत्ती काढली. कोणतं हस्तलिखित कोणावरून उतरलं, हे ठरवायला त्यांची गणिताची शिस्त उपयोगी पडली. खर्शेदजी कामा हे व्यापारी. युरोपात जाऊन अवेस्ता तिथल्या विद्वानांकडून शिकले आणि मुंबईत येऊन पारशी दस्तुरांनाच तौलनिक पद्धतीने शिकवायला लागले.

मोडीचा इथे ओझरता उल्लेख पुरे. ती लिपी आहे, भाषा नाही, आणि तिच्यामागचं कारण ज्ञानपिपासेपेक्षा सातबाऱ्याच्या जवळचं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. जुन्या दप्तरात आपल्या पणजोबांची नोंद आहे का, हे दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला कोणी तयार नव्हतं. ओढ तीच, फक्त पोटाशी बांधलेली.

लिपी आणि भाषा यांची गल्लत शिकणारेही करतात. ब्राह्मीची अक्षरं सोपी आहेत: क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, थ म्हणजे वर्तुळात टिंब. सुट्टीतल्या कार्यशाळेत ती येतात, दुर्गप्रेमी मंडळी हौसेने शिकतात आणि आपलं नाव ब्राह्मीत लिहून वहीवर मिरवतात. पुढे खरा घाट लागतो. प्राकृताची विभक्ती, द्वित्त व्यंजन एकदाच लिहिण्याची सवय, गाळलेले अनुस्वार, झिजलेला दगड. इथे बहुतेक लोक थांबतात, आणि थांबतात कारण पुढचा रस्ता मराठीत नीट बांधलेला नाही. संस्कृताला भांडारकरांच्या 'मार्गोपदेशिके'पासून आपट्यांच्या कोशापर्यंत दीडशे वर्षांची शिदोरी आहे, भारतीय विद्या भवनच्या बालबोध ते कोविद अशा परीक्षा आहेत, १९९७ पासून रामटेकला स्वतंत्र विद्यापीठ आहे. पालीला विहार आणि विद्यापीठ दोन्ही आहेत. जैन साधू-साध्वींमुळे अर्धमागधी टिकून आहे. कोरीव लेखांच्या प्राकृताला मात्र असा हक्काचा समाज नाही. मराठीचं मूळ जिच्यात सांगतो त्या भाषेची ही अवस्था, हे अभिजात दर्जाच्या उत्सवात कोणीतरी बोलायला हवं होतं.

तरी नाशिककराचं अगदीच अडत नाही. वा. वि. मिराशींचा 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' हा ग्रंथ मराठीतच आहे. तो काखेत मारून डोंगर चढला की मूळ भिंत समोर. मुंबईच्या किंवा पुण्याच्या अभ्यासकाला ज्यासाठी प्रवास करावा लागतो, ते अंबडच्या माणसाला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चहानंतर करता येतं. बॅटरीचा उजेड तिरपा पाडला तर सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. हात मात्र लावू नये.

आणि तिथे करण्यासारखं काम शिल्लक आहे. दहाव्या लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षाचा, तिसऱ्या शतकातला, बराच खराब झालेला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. श्रेणींची नावं दिली आहेत: कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, तिलपिषक म्हणजे तेली, आणि 'ओदयंत्रिक', पाण्याची यंत्रं करणारे किंवा चालवणारे. यंत्रं कसली, हे लेख सांगत नाही. रहाट, मोट, पाणघड्याळ, कालव्याची दारं, असे नाना तर्क करता येतात. ज्यांनी ते आजवर केले ते बहुतेक व्याकरण जाणणारे होते, यंत्र हाताळणारे नव्हते. पंप आणि व्हॉल्व्हच्या कामात हयात घालवलेला अंबडचा एखादा फिटर प्राकृत शिकून त्या भिंतीपुढे उभा राहिला, तर त्याचे प्रश्न वेगळे असतील: गोदावरीच्या काठावर, लोखंड महाग असलेल्या काळात, पाणी किती उंच चढवायचं होतं, आणि त्या यंत्रावर श्रेणी उभी राहील एवढं गिऱ्हाईक कोण होतं?